सर्जापूर रोडवरचे निवृत्तीचे घर आणि त्याची घरपट्टी

मुलगा-सून किंवा मुलगी-जावई बेंगळुरूला आयटीत स्थिरावले, की पुण्या-नाशिकच्या, कोल्हापूर-बेळगावच्या आईवडिलांचा मुक्काम हळूहळू तिकडे लांबायला लागतो. आधी बाळंतपणापुरता, मग नातवंडाच्या शाळेपुरता, आणि मग एक दिवस घरात विषय निघतो की आता तुम्ही इकडेच या. सगळ्यांनाच मुलांच्या फ्लॅटमध्ये राहायचे नसते. जवळ असावे, पण आपले घर आपले असावे, असे वाटणाऱ्यांसाठी ज्येष्ठांच्या वसाहती आहेत. पुण्यात परांजपे स्कीम्सच्या ‘अथश्री’मुळे ही कल्पना मराठी घरांत केव्हाच रुळली. बेंगळुरूतही अशी संकुले उभी राहिली आहेत, आणि आयटी कंपन्यांच्या शेजारामुळे सर्जापूर रोडचे नाव या शोधात हमखास येते.

घर पाहताना भोजनगृह, डॉक्टर, रुग्णवाहिका, पकडायला दांडे लावलेली न्हाणीघरे, हे सगळे आपण बारकाईने पाहतो. घरपट्टीचा प्रश्न मात्र ‘ते मुलगा ऑनलाइन भरेल’ एवढ्यावर सुटतो. तो तसा सोडू नये, असे मला मनापासून वाटते. बेंगळुरूची घरपट्टी स्वयंमूल्यांकनाची आहे. आपल्या घराची माहिती आपण सांगायची, तिच्यावरून कर ठरतो आणि सांगितलेल्या माहितीची जबाबदारी आपल्यावर राहते. आयुष्यभर घरखर्चाची वही लिहिलेल्या माणसाला हा हिशेब मुळीच जड नाही. तो एका कागदावर मावतो. तोच कागद इथे ओळीओळीने मांडतो.

घर नेमके कोणाच्या हद्दीत?

सर्जापूर रोड हा एका गावाचा किंवा एका प्रभागाचा रस्ता नाही. कोरमंगला-आगरा बाजूने निघून तो इब्बलूर, बेळंदूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, कार्मेलराम असे करत दोम्मसंद्रावरून सर्जापूरला पोचतो. जाहिरातीत या सगळ्याला ‘सर्जापूर रोड’च म्हणतात. कराच्या दृष्टीने मात्र या रस्त्याचे दोन तुकडे आहेत.

शहराकडचा तुकडा महापालिकेचा. बेळंदूर ही एके काळी ग्रामपंचायत होती. २००७ मध्ये जुनी महापालिका, आसपासच्या नगरपालिका आणि ११० गावे एकत्र करून बृहत् बेंगळुरू महानगर पालिका, म्हणजे बीबीएमपी, तयार झाली आणि हा भाग शहरात आला. पुढे २ सप्टेंबर २०२५ पासून बीबीएमपीच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच महापालिका आल्या: मध्य, उत्तर, दक्षिण, पूर्व आणि पश्चिम. बेळंदूरचा भाग पूर्व महापालिकेत मोडतो. म्हणून आपल्या जुन्या पावत्यांवर बीबीएमपीचे नाव असेल आणि नव्या कागदांवर वेगळे दिसेल. नाव बदलले म्हणून घराचा क्रमांक किंवा जुनी थकबाकी पुसली जात नाही. जुन्या पावत्या टाकून देऊ नका.

दुसरा तुकडा शहराबाहेरचा. दोम्मसंद्रा आणि सर्जापूर ही आनेकल तालुक्यातली गावे. या बाजूला घरपट्टी ग्रामपंचायतीकडे भरावी लागते आणि कागदही वेगळे असतात. पंचायत हद्दीतल्या मालमत्तेची नोंद कर्नाटकात ‘ई-स्वत्तु’ या प्रणालीत होते आणि त्यातून नमुना ९ व नमुना ११ असे उतारे मिळतात. पंचायतीचा कर तिच्या स्वतःच्या नियमांनी ठरतो. पुढे सांगितलेले महापालिकेचे सूत्र तिथे लागू करू नका.

त्यामुळे घर पाहायला गेलात तर पहिला प्रश्न हा विचारा: मागच्या वर्षीची घरपट्टीची पावती दाखवता का? पावतीवर महापालिका आहे की पंचायत, हे एका नजरेत कळते. पत्त्यातल्या ‘सर्जापूर रोड’वरून ते कळत नाही. आज पंचायतीत असलेला भाग उद्या शहरात येऊ शकतो, हे बेळंदूरच्या उदाहरणावरून लक्षात ठेवावे आणि कमी घरपट्टी हे घर घेण्याचे कारण समजू नये.

घर विकत घेतले आहे की फक्त राहायला घेतले आहे?

ज्येष्ठांच्या वसाहतीत घर मिळण्याचे साधारण तीन प्रकार असतात. पहिला सरळ खरेदीचा. नोंदणीकृत खरेदीखत होते, जमिनीतला अविभक्त हिस्सा आपल्या नावावर येतो, घर आपले. अशा घराची घरपट्टी आपणच भरायची.

दुसरा प्रकार मोठी अनामत ठेवून किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर राहण्याचा. इथे घराचा मालक संस्था किंवा विकासक असतो. महापालिकेच्या दप्तरी त्याचेच नाव असते आणि कर भरणे हे त्याचे काम. पण तो खर्च आपल्याकडून मासिक शुल्कात वसूल होतो का, हे करारनाम्यात शोधा. ‘स्थानिक करांत वाढ झाल्यास ती रहिवाशाकडून घेतली जाईल’ अशा अर्थाचे कलम बहुधा शेवटच्या पानांवर असते. ते वाचून समजून घ्या, आणि वाढ दाखवताना मूळ पावतीची प्रत द्यावी लागेल, असे लिहून घ्या.

तिसरा प्रकार महिन्याच्या भाड्याचा. त्यात घरपट्टी मालकाची. भाडेकरूने एवढेच पाहावे की मासिक बिलात ‘कर’ म्हणून आलेली ओळ नेमकी कशाची आहे.

केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्ती गृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. घर देणारा आणि घेणारा यांच्यातले हक्क व सेवा कागदावर स्पष्ट असाव्यात, हा त्यांचा रोख. घरपट्टी कोणाची, ही त्या स्पष्टतेतली एक छोटी पण दर वर्षी येणारी बाब आहे.

पाच ओळींचा हिशेब

आता महापालिका हद्दीतल्या खरेदीच्या घराकडे येऊ. बेंगळुरूत २००० साली ऐच्छिक स्वयंमूल्यांकन सुरू झाले आणि २००८ पासून ‘युनिट एरिया व्हॅल्यू’ म्हणजे एकक क्षेत्र मूल्याची पद्धत आली. पद्धत अशी: शहरातल्या रस्त्यांचे इंग्रजी अक्षरांनी ए ते एफ असे सहा विभाग केले. जमिनीचे सरकारी मार्गदर्शक मूल्य जिथे जास्त, तिथला दर जास्त. दर ठरतो तो दरमहा एका चौरस फुटाला अमुक रुपये असा. ए विभागाचा सर्वांत जास्त, एफचा सर्वांत कमी. स्वतः राहत असलेल्या घराचा दर भाड्याने दिलेल्या घराच्या निम्मा.

पुणेकरांना हे थोडे वेगळे वाटेल. पुण्यात वार्षिक करपात्र रकमेवर महापालिका बिल काढते आणि स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत मिळते. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आहे. बेंगळुरूचे सूत्र या दोन्हींपेक्षा हाताने करून पाहायला सोपे आहे.

समजा, एका जोडप्याने १,००० चौरस फुटांचे घर घेतले आहे, खाली १०० चौरस फुटांची छताखालची गाडीची जागा आहे, इमारतीला १० वर्षे झाली आहेत आणि ते दोघे स्वतः तिथे राहतात. गणित सोपे व्हावे म्हणून दर दरमहा चौरस फुटाला २ रुपये धरू. हा दर केवळ उदाहरणाचा. आपल्या रस्त्याचा खरा विभाग आणि दर करभरणीच्या पोर्टलवर दिसतो.

पहिली ओळ घराची. १,००० गुणिले २ गुणिले १०, म्हणजे २०,००० रुपये. वर्षाचे बारा महिने असताना दहानेच गुणायचे, कारण रिकामेपणा आणि दुरुस्तीसाठी दोन महिन्यांची सूट सूत्रातच धरलेली आहे.

दुसरी ओळ गाडीच्या जागेची. तिचा दर घराच्या निम्मा. १०० गुणिले १ गुणिले १०, म्हणजे १,००० रुपये. दोन्ही मिळून २१,०००.

तिसरी ओळ घसाऱ्याची. नव्या इमारतीला ३ टक्क्यांपासून सुरुवात करून साधारण दर तीन वर्षांना तीन टक्के असा घसारा वाढत जातो. फार जुन्या इमारतींना तो ७० टक्क्यांपर्यंत जातो. दहा वर्षांच्या इमारतीला १२ टक्के. २१,००० मधून २,५२० वजा जाता १८,४८० उरतात.

चौथी ओळ कराची. निवासी घराला २० टक्के. १८,४८० चे २० टक्के म्हणजे ३,६९६ रुपये.

पाचवी ओळ उपकरांची. कराच्या रकमेवर आरोग्य उपकर १५ टक्के, ग्रंथालय उपकर ६ टक्के आणि भिक्षेकरी उपकर ३ टक्के, असे मिळून २४ टक्के. ३,६९६ चे २४ टक्के ८८७ रुपये ४ पैसे. एकूण घरपट्टी ४,५८३ रुपये ४ पैसे.

हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घराच्या आकड्यांनी करून पाहा. पोर्टलवरची रक्कम आणि आपली रक्कम जवळपास जुळली, तर घराची माहिती बरोबर नोंदली आहे असे समजायला हरकत नाही. मोठा फरक आला, तर या पाचांपैकी कोणत्या ओळीत तो आला हे लगेच सापडते. बहुतेक वेळा तो क्षेत्रफळात, विभागात किंवा ‘स्वतः राहतो’ या रकान्यात असतो.

याखेरीज घनकचऱ्याचे शुल्क येते. एप्रिल २०२५ पासून ते घराच्या आकारमानानुसार घेतले जाते. अगदी लहान घराला महिना १० रुपये, ६०१ ते १,००० चौरस फुटांपर्यंत ५० रुपये, आणि ४,००० चौरस फुटांवरच्या घराला ४०० रुपये. आपल्या उदाहरणातल्या जोडप्याला वर्षाचे ६०० रुपये. हे कचरा उचलण्याचे शुल्क आहे. घरपट्टी ‘अचानक वाढली’ असे वाटले, तर आधी ही ओळ वेगळी काढून पाहा.

तीन ठिकाणी चूक होते

पहिले ठिकाण क्षेत्रफळाचे. कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप हे तीन आकडे प्रत्येक फ्लॅटला असतात. ज्येष्ठांच्या संकुलात रुंद मार्गिका, उतार, मोठ्या लिफ्ट, भोजनगृह, दवाखान्याची खोली असे सामायिक भाग जास्त असतात. त्यामुळे कार्पेट आणि सुपर बिल्ट-अप यांतली तफावत नेहमीच्या इमारतीपेक्षा मोठी असू शकते. खरेदीखतात, महापालिकेच्या कर-नोंदवहीत आणि करपावतीत कोणता आकडा लिहिला आहे, हे तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहा. ते जुळत नसतील तर संकुलातल्या तशाच फ्लॅटच्या पावतीशी तुलना करा आणि रहिवासी संघामार्फत कर कार्यालयात विचारा. भोजनगृहाची आणि दवाखान्याची घरपट्टी कोण भरतो, हेही संघाच्या सभेत एकदा विचारून नोंदवून घ्या. निवासी नसलेल्या वापराचे दर वेगळे आणि जास्त असतात.

दुसरे ठिकाण विभागाचे. २०१६-१७ मध्ये मार्गदर्शक मूल्ये बदलल्यावर कित्येक रस्ते एका विभागातून दुसऱ्यात गेले. लोकांनी मात्र जुन्याच विभागाने कर भरणे चालू ठेवले. पुढे हजारो घरमालकांना फरकाच्या नोटिसा गेल्या. त्यातल्या बहुतेकांचा काही लपवण्याचा हेतू नव्हता. दर वर्षी पोर्टल मागच्या वर्षीचीच माहिती पुढे आणते, आपण ‘बदल नाही’ म्हणून नमुना ४ भरतो आणि पहिल्या वर्षीची चूक वर्षानुवर्षे सोबत येते. माहितीत बदल असेल तर नमुना ५ भरायचा असतो. म्हणून घर घेतल्याच्या पहिल्या वर्षी एकदा सगळे रकाने नीट तपासावेत. पुढची वर्षे मग सुखाची जातात.

तिसरे ठिकाण ‘स्वतः राहतो’ की ‘भाड्याने दिले’ याचे. ज्येष्ठांच्या बाबतीत हा रकाना सर्वांत जपून भरण्यासारखा आहे. आईवडील सहा महिने अमेरिकेत मुलीकडे गेले आणि घराला कुलूप आहे, तर घर भाड्याचे होत नाही. दोन महिन्यांची सूट सूत्रात आधीच दिलेली असल्याने सहा महिन्यांची घरपट्टीही वगळली जात नाही. पण त्याच सहा महिन्यांसाठी संकुलाच्या व्यवस्थापनाला घर भाड्याने देण्याची परवानगी दिली, किंवा मुलाने गुंतवणूक म्हणून घेऊन ते दुसऱ्या ज्येष्ठांना भाड्याने दिले, तर घर भाड्याचे ठरते आणि दर दुप्पट होतो. आपल्या उदाहरणात दर ४ रुपये झाला की घरपट्टी ४,५८३ वरून ९,१६६ रुपयांवर जाते. भाड्याचे उत्पन्न आयकर विवरणात दाखवायचे आणि घरपट्टीत ‘स्वतः राहतो’ म्हणायचे, ही विसंगती कधीतरी समोर येतेच. खरे लिहिण्याचा फायदाही आहे: भाड्याच्या घरासाठी मालकाने त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी आयकरात भाडे-उत्पन्नातून वजा मिळते.

वयाची सूट आहे का?

परदेशातली मुले हा प्रश्न हमखास विचारतात. कॅलिफोर्नियात १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ मुळे घराचे करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. टेक्ससमध्ये ६५ वर्षांवरच्या घरमालकांच्या शाळा-कराला वरची मर्यादा घालता येते. मिळकत थांबल्यावर घरपट्टीमुळे घर सोडावे लागू नये, हा त्यामागचा विचार.

बेंगळुरूच्या सूत्रात वयाचा रकाना नाही. साठीला वेगळा, सत्तरीला वेगळा असा दर नाही. सर्वांना मिळते ती वेळेवर भरण्याची ५ टक्के सूट. एप्रिलमध्ये वर्षाची पूर्ण घरपट्टी भरली की ती मिळते. काही वर्षी सरकारने ही मुदत पुढे ढकलली आहे, पण त्या भरवशावर थांबू नये. गुढीपाडव्याच्या आसपास नव्या वर्षाचा आकडा पाहून ठेवायचा आणि एप्रिल संपायच्या आत भरून टाकायचे, ही सवय सर्वांत सोपी. उशीर झाला की व्याज चढते, आणि थकबाकी कोणा माणसाच्या नव्हे तर घराच्या मानेवर बसते. तुमच्याआधीच्या मालकाची राहिलेली रक्कमही तुमच्याकडे मागितली जाऊ शकते. जुने घर विकत घेताना मागच्या काही वर्षांच्या पावत्या आणि ‘थकबाकी नाही’ याची खात्री करूनच व्यवहार करा.

पद्धतच बदलण्याची चर्चाही मधूनमधून होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक मूल्यावर थेट आधारलेल्या कराचा मसुदा आला होता, पण २०२४-२५ साठी तो लागू झाला नाही. असा बदल झाला तर जमिनीच्या भावाबरोबर घरपट्टी हलेल. सर्जापूर रोडसारख्या झपाट्याने महागलेल्या पट्ट्यात पेन्शनवर जगणाऱ्याला ते जड जाईल. अशा मसुद्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा ज्येष्ठांच्या रहिवासी संघांनी गप्प राहू नये. मिळकत स्थिर असलेल्या माणसाच्या घरपट्टीची वाढ मर्यादेत असावी, ही मागणी अवाजवी नाही.

घरपट्टी आणि मासिक शुल्क वेगळे

ज्येष्ठांच्या वसाहतीत महिन्याला एक जाडजूड बिल येते. त्यात इमारतीची देखभाल, सुरक्षा, जेवण, घरकाम, परिचारिका, कधी आकस्मिक निधी. या बिलात आणि घरपट्टीत लोक गल्लत करतात. काही जण तर ‘सगळे त्यात आले’ असे समजून घरपट्टी भरतच नाहीत. खरेदीच्या घरात मासिक बिलातून घरपट्टी भरली जात नाही, तसे लेखी ठरलेले असेल तरच अपवाद.

फरक ओळखायची एक खूण आहे. घरपट्टीवर जीएसटी लागत नाही. रहिवासी संघाच्या देखभाल वर्गणीवर दरमहा ७,५०० रुपयांपर्यंत सूट आहे, तर सेवा कंपनीच्या जेवण-सेवांच्या बिलावर त्या त्या सेवेचे नियम लागू होतात. बिलात ‘मालमत्ता कर’ असे लिहून त्यावर जीएसटी लावलेला दिसला, तर ती ओळ कशाची आहे ते लेखी विचारावे. आपल्या नावे महापालिकेची पावती निघाली नसेल, तर घरपट्टी भरली गेलेली नाही असे समजावे.

खाते: नाव कोणाचे?

कर्नाटकात ‘खाता’ म्हणजे महापालिकेच्या कर-नोंदवहीतली आपल्या घराची नोंद. त्यात मालकाचे नाव, क्षेत्रफळ, घराचा क्रमांक असतो. ऑक्टोबर २०२४ पासून बेंगळुरूत घराच्या खरेदी-विक्रीच्या नोंदणीसाठी ई-खाता सक्तीचा झाला. वयस्कांना ऑनलाइन कामाचा कंटाळा येतो, तरी हे काम आजच करून घ्यावे. घर विकायची किंवा मुलांच्या नावे करायची वेळ अनेकदा आजारपणात येते आणि तेव्हा कागद शोधत बसायची ताकद नसते.

एक गोष्ट ठाम लक्षात ठेवावी. खाता किंवा करपावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. मालकी खरेदीखताने, बक्षीसपत्राने, मृत्युपत्राने किंवा वारसाने येते. खात्यात फक्त मुलाचे नाव आहे आणि घर आईवडिलांच्या पैशाने घेतले आहे, अशी स्थिती असेल तर ती आजच नीट करून घ्या. घरपट्टी आईवडील भरत आहेत म्हणून घर त्यांचे होत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रेमापोटी घर मुलाच्या नावे बक्षीस देताना, सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहावी. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, ती अट मोडली तर हस्तांतर रद्द करून मागता येते. अट लिहिलेलीच नसेल तर ते फार अवघड होते.

दोघांपैकी एक गेल्यावर घरपट्टी थांबत नाही. ती घरावर आहे. म्हणून शक्यतो घर दोघांच्या नावे असावे. नसेल तर मृत्यूनंतर मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र किंवा वारसाचे कागद देऊन खाते दुसऱ्याच्या नावे करून घ्यावे. आईने पहिल्यांदाच घरपट्टी भरायची वेळ आली, तर तिला क्रमांक कुठे आहे, पावत्या कुठे आहेत, हे माहीत असले पाहिजे. घरातला आर्थिक व्यवहार आयुष्यभर एकट्या बाबांनीच पाहिला असेल, अशा घरात तर हे आत्ताच करून ठेवावे.

एक फाइल, एक पान

एका साध्या फाइलीत खरेदीखताची प्रत, ताबापत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, ई-खाता आणि घेतल्यापासूनच्या सगळ्या घरपट्टीच्या पावत्या वर्षाच्या क्रमाने लावाव्यात. वरच्या पानावर आपल्या हाताने लिहावे: घराचा पीआयडी म्हणजे मालमत्ता ओळख क्रमांक, करभरणीचा दहा आकडी अर्ज क्रमांक, क्षेत्रफळ, विभाग, बांधकामाचे वर्ष, स्वतः राहतो की भाड्याने. त्याखाली हा पाच ओळींचा हिशेब. पान दर एप्रिलला बदलावे लागत नाही. फक्त घसाऱ्याची टक्केवारी आणि दर बदलले तर दुरुस्त करावे.

पैसे मुलाने परदेशातून भरले तरी हरकत नाही. पावती खातेदाराच्या नावाने निघते. पण भरल्यावर तिची छापील प्रत या फाइलीत यायला हवी. फोनवर ‘तुमची घरपट्टी थकली आहे, या लिंकवर भरा’ असा निरोप आला तर ती लिंक उघडू नये. संकुलाच्या कार्यालयातून किंवा मुलाकडून अधिकृत पोर्टल उघडून आपला क्रमांक टाकून पाहावा. थकबाकी असेल तर ती तिथे दिसतेच.

घरपट्टीची रक्कम बहुतेक ज्येष्ठांना झेपणारी असते. वेळेवर भरण्याची सूट धरली नाही तरी आपल्या उदाहरणात ती महिन्याला ३८२ रुपयांच्या घरात जाते. त्रास होतो तो न कळलेल्या नोंदींचा: चुकलेला विभाग, दुसऱ्याच्या नावावरचे खाते, भाड्याचा रकाना, कोणीच न भरलेली तीन वर्षे. या साऱ्याची वेळीच दुरुस्ती करायला लागते ती एक दुपार, फाइल आणि पाच ओळी. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब नेटके ठेवले, त्यांनी आपल्या शेवटच्या घराचा हिशेबही स्वतःच्या हातात ठेवावा. एप्रिल येण्याआधी फाइल काढा, वरचे पान लिहा, आणि ते जोडीदारालाही समजावून सांगा.